नदी काशीला, जेवण कोल्हापूरला

परदेशातून येताना माणसं घड्याळ आणतात, चॉकलेट आणतात, सेंटची बाटली आणतात. आमच्या दाजींनी एक अट आणली. "इथून पुढं मुक्काम करायचा तर नदीकाठच्या हॉटेलात. तेही गावाबाहेर नको, भर शहरात. आणि जिना उतरलं की समोर खाण्याचा बाजार पाहिजे."

दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. नात्यानं माझे साडू, पण सासरवाडीत लहानथोर सगळे त्यांना दाजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ते पुण्याचे. मी लातूरचा. एकाच घरचे दोन जावई असले तरी पुण्याच्या जावयाला पाट आणि लातूरच्या जावयाला पाटाची कड मिळते, हे मी पंचवीस वर्षांपूर्वीच मान्य केलेलं आहे.

तर दाजींचा मुलगा जर्मनीत असतो. त्यानं आईवडलांना आठ दिवस बुडापेस्टला नेलं. खोलीच्या खिडकीतून डॅन्यूब, आणि चालत पाच मिनिटांवर १८९७ साली बांधलेला अवाढव्य छपराखालचा बाजार. दाजी १८९७ हे साल दरवेळी सांगतात, जणू कोनशिला बसवताना ते तिथं नारळ घेऊन उभे होते. त्या बाजारात म्हणे लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या असतात. हे ऐकून माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामींनी, फक्त एकच विचारलं, "तिखट हायत का?" अक्का म्हणाली, "नाही गं आई, नुसत्या लाल." मामींच्या दृष्टीनं बुडापेस्टचा विषय तिथंच संपला.

दाजींच्या दृष्टीनं तो सुरू झाला होता. कारण अक्कानं विमानात बसताना देवीला बोलून ठेवलं होतं, सुखरूप परत आणलंस तर माहूरला येऊन तुझी ओटी भरीन. रेणुकामाता हे त्यांचं कुलदैवत, साडेतीन पीठांपैकी पूर्ण पीठ. आता ओटी अक्काची, नवस अक्काचा, पण मुक्कामाची अट दाजींची. आणि जागा ठरवायचं काम माझं. "तुम्ही तिकडचेच ना," दाजी फोनवर म्हणाले. पुण्याहून पाहिलं की लातूर, नांदेड आणि माहूर ही एकाच गल्लीतली तीन घरं दिसतात. लातूरहून माहूर जितकं लांब, तितक्या अंतरात पुणेकर महाबळेश्वरला जाऊन, स्ट्रॉबेरी खाऊन, महाग होती असं म्हणून परत येतो, हे मी बोललो नाही. पाटाची कड.

आता नदीकाठची जागा शोधायला लातूरकराला सांगणं म्हणजे जन्मभर उपास केलेल्याला पंगतीचा मेनू ठरवायला सांगणं. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला पाणी रेल्वेनं आलं. मिरजेहून निघालेल्या गाडीचं नाव 'जलदूत'. पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी, पुढं पन्नास वाघिणी आणि पंचवीस लाख. मीही एकदा ती गाडी बघायला गेलो होतो. त्यामुळं पाण्याच्या काठची जागा म्हटलं की दाजींच्या डोळ्यांपुढं डॅन्यूब येते आणि माझ्या डोळ्यांपुढं फलाट. मांजरा, तेरणा या आमच्याही नद्याच आहेत. नकाशात त्या बाराही महिने निळ्या असतात. एरवी मराठवाड्यात नदी म्हणजे पुलाखालची जागा. एसटी पुलावर आली की अर्धी गाडी खिडकीकडं वाकते आणि एकच बघते, पाणी हाय का? असलं तर शेजाऱ्याला दाखवायचं, नसलं तर शेजाऱ्याबरोबर सरकारला शिव्या द्यायच्या. दोन्ही प्रकारांत प्रवास चांगला होतो.

दुसरी अडचण 'हॉटेल' या शब्दाची. आमच्याकडं हॉटेल म्हणजे जिथं चहा उकळतो, भजे तळले जातात आणि पेपरची चार पानं चार माणसांत वाटलेली असतात. राहायचं असतं ते लॉज. पण 'लॉजवर उतरलो' म्हणताना बायकामुलांचा माणूस जरा चाचरतो, म्हणून मग भक्तनिवास, यात्री निवास, धर्मशाळा असे सोवळे शब्द आहेत. 'हॉटेलात राहतो' असं कुणी म्हणालं, तर ऐकणाऱ्याला वाटतं, बिचारा कपबशा धुवायला राहिला असंल.

तरी मी माहूरला फोन लावला.

"नदीकडची खोली आहे का?"

"कोणती नदी?"

"पैनगंगा."

"पैनगंगा तं पुलाखाली हाये जी."

"नाही, म्हणजे खिडकीतून दिसणारी."

पलीकडं थोडी शांतता. मग आवाज हळुवार झाला, वेडसर माणसाशी बोलताना होतो तसा. "कितीजण हाव तुमी? म्हातारं माणूस हाये का सोबत? मंग खालचीच खोली घ्या. खिडकीचं काय, ते तं उघडतच नाही."

दुसऱ्या ठिकाणी मी नदी सोडून दिली आणि बाजारावर आलो. जवळ खाण्याचा बाजार आहे का? "खायाचं काय ते सांगा, पोरगं आणून देते." तिसऱ्यानं मला उलट विचारलं, "दर्शनाला येयालाव का कशाला येयालाव?" हा प्रश्न बरोबरच होता. माहूरची बोली ही अशी. मराठवाड्याचं 'येयालाव', वऱ्हाडाचं 'जी' आणि किनवट-आदिलाबादकडून आलेला तेलुगू हेल, तिन्ही एकाच टोपलीत. पैनगंगा ही तिथं हद्द आहे. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ. नदी माहूरच्या डोंगराला लांबून वळसा घालून जाते, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी, आत येत नाही. गाव वर, देव त्याहून वर, नदी खाली. माहूर वसवणाऱ्यांनी बुडापेस्ट पाहिलेलं नव्हतं.

शेवटी तडजोड निघाली. पहिला मुक्काम नांदेडला, कारण तिथं शहर आहे, बाजार आहे आणि साक्षात गोदावरी आहे. दुसरा मुक्काम माहूरला, जसा मिळेल तसा. दाजींनी नांदेडचं हॉटेल स्वतःच ठरवलं, फोटो बघून. फोटोत पुढं नदी, मागं सूर्य, मधे कठड्यावर कॉफीचा कप. "याला म्हणतात जागा," ते म्हणाले.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. हवेत गारवा, नदीला पाणी. खोलीवर 'रिव्हर व्ह्यू' अशी पाटी. दाजींनी पडदा असा ओढला की रंगमंचावरचा वाटावा. समोर शेजारच्या इमारतीची काळी टाकी. टाकी गळत होती, त्यामुळं पाणी वाहताना दिसत होतं एवढं खरं. मॅनेजरला बोलावलं. तो अजिबात शरमला नाही. "साहेब, नदी तिकडंच हाय. आमी पाटी लावली तवा ही बिल्डिंग नव्हती. आता मधी कुणी बांधलं तर आमी काय करावं? गच्चीवर चला, दाखवतो." गच्चीवर गेलो. कपडे वाळत घातलेल्या दोरीच्या वर, दोन मोबाइल टॉवरांच्या मधे, एक चकाकणारी रेघ होती. मॅनेजरनं ती आम्हाला अमावस्येनंतरची चंद्रकोर दाखवावी तशी बोट धरून दाखवली. "दिसली का? आता तारेच्या थोडं उजवीकडं या."

मामींनी न बघताच हात जोडले. "गंगा हाय," म्हणाल्या. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही. गंगा म्हणतात, तिच्या काठच्या मुलखाला गंगथडी, आणि नमस्काराला दिसायची गरज नसते.

मग दाजी चिडून म्हणाले, चला, नदीकडं पायीच जाऊ. आणि खरं सांगायचं तर नांदेडनं तिथं त्यांना गप्प केलं. नगीना घाटावर संध्याकाळी पाणी काठोकाठ होतं. वर विष्णुपुरीचा बंधारा आहे, त्याचे दरवाजे पावसाळ्यात उघडले की हेच घाट पाण्याखाली जातात. आम्ही गेलो तेव्हा पायऱ्यांवर पंजाबहून आलेली कुटुंबं पाण्यात पाय सोडून बसली होती. घाटाच्या नावाची गोष्ट एका सरदारजी आजोबांनी सांगितली. गुरू गोविंदसिंग इथं असताना एका श्रीमंत व्यापाऱ्यानं त्यांना एक अमोल नगीना भेट दिला. गुरूंनी तो सरळ नदीत टाकला. व्यापारी कळवळला, तेव्हा म्हणाले, जा, तुझा ओळखून काढून आण. तो पाण्यात बघतो तर तळाशी सगळे नगीनेच नगीने. दाजी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मला वाटलं विरक्ती आली. ते म्हणाले, "इथून हॉटेलचा ॲडव्हान्स परत मिळायला काय करावं लागेल?"

१७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी नांदेडलाच देह ठेवला आणि ग्रंथसाहिबाला गुरुपद दिलं. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात इथला गुरुद्वारा बांधवला, आणि २००८ मध्ये त्रिशताब्दी झाली तेव्हा शहराचे रस्ते आणि घाट असे काही रुंद झाले की जुने नांदेडकर अजूनही पत्ता सांगताना पाडलेल्या दुकानांची नावं घेतात. आम्ही त्या रात्री लंगरला बसलो. जमिनीवर पंगत. दाजी खाली बसताना दोन टप्प्यांत बसले. वाढप्यानं पोळी दिली ती ताटात नाही, पसरलेल्या दोन हातांत. अख्ख्या आयुष्यात ज्यांनी वेटरला चमचा पडल्याचा आवाज करून बोलावलं, ते दाजी हात पसरून बसले होते. डाळ, भाजी, खीर. मामींनी खीर दोनदा मागितली. उठल्यावर दाजींनी सवयीनं खिशात हात घातला आणि इकडंतिकडं गल्ला शोधला. बिल नावाची गोष्टच नाही म्हटल्यावर ते अस्वस्थ झाले. ज्या जेवणाची किंमत कळत नाही त्याला महाग म्हणता येत नाही, स्वस्त म्हणता येत नाही, आणि पुण्यात जाऊन सांगायचं काय?

खाण्याच्या बाजाराचं मात्र एक दुःखद प्रकरण झालं. नांदेड हे निजामाच्या राज्यातलं गाव, त्यामुळं हैदराबादचा वास इथल्या रस्सा-भाताला अजून आहे. इतवाऱ्याकडून येताना बिर्याणीच्या हंड्याचं झाकण कुणीतरी नेमकं आम्ही पुढून जाताना उघडलं. पलीकडं तहरी होती, शेगडीवर सीख कबाब होते. जिना उतरून पाच मिनिटांवर, अगदी अटीप्रमाणे. दाजी थांबले. मागून अक्का म्हणाली, "दर्शन झाल्याशिवाय नाही हं." दाजी म्हणाले, "मी फक्त बघतोय." माझी बायको म्हणाली, "वासही घेऊ नका दाजी, परवा ओटी भरायची आहे." दर्शन करून बिर्याणी खायची म्हटलं तर देवी इथून सव्वाशे किलोमीटरच्या पुढं. आम्ही शेवटी इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटांवर आलो. दाजींनी बिस्किट चहात बुडवून इतका वेळ धरलं की ते तुटून आत पडलं.

रात्री खोलीत टाकीच्या थेंबाथेंबाच्या आवाजात दाजींची चिडचिड परत सुरू झाली. नदी एकीकडं, बाजार दुसरीकडं, तो बंद, आणि गादी अशी की मधल्या खळग्यात दोन्ही बाजूंनी माणूस घरंगळतो. तेव्हा मामी अंधारातून बोलल्या. आम्हाला वाटत होतं त्या झोपल्या आहेत.

"दाजीबा, उगं जिवाला तरास का करून घेताव? दत्ताला जमलं नाही ते तुमाला कुठं जमायलंय?"

"म्हणजे?"

"आंघोळ काशीला. भिक्षा कोल्हापूरला. झोप माहूरला. देव हाय तो, त्याला सगळं एका जागी मिळालं असतं तर कशाला रोज एवढी पायपीट केली असती?"

मी उठून बसलो. दत्तात्रेयाची ही दिनचर्या मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण तिच्याकडं मुक्कामाची अडचण म्हणून कधी पाहिलं नव्हतं. नदी पाहिजे तर काशी. खायला पाहिजे तर कोल्हापूर, आणि त्या निवडीत देवाची समज दिसते हे कोल्हापूरच्या कुणीही मान्य करील. आणि शांत झोप पाहिजे तर माहूर. त्रैलोक्यात कुठंही राहू शकणाऱ्या देवानं तीन कामांसाठी तीन गावं धरली. महानुभाव पंथाची मंडळी यात आणखी एक ठिकाण सांगतात. भिक्षा कोल्हापूरला, पण तिचं भोजन बीड जिल्ह्यात गेवराईजवळ पांचाळेश्वरला, गोदावरीच्या काठी. म्हणजे एका गावाहून बांधून घ्यायचं आणि दुसऱ्या गावी नदीकाठी बसून खायचं. त्यांचं माहूरचं निद्रास्थान म्हणजे देवदेवेश्वरीचं मंदिर. आम्हाला मात्र तिन्ही गोष्टी एकाच भाड्यात, गरम पाण्यासकट पाहिजे होत्या.

"पण दत्ताला योगसामर्थ्य होतं," दाजी म्हणाले.

"मंग तुमाला इनोव्हा हाय की," मामी म्हणाल्या आणि कूस बदलली.

नांदेडहून माहूरला जाताना एक गंमत होते. निघायचं नांदेड जिल्ह्यातून, पोचायचं नांदेड जिल्ह्यातच, पण हदगावच्या पुढं पैनगंगा ओलांडून रस्ता विदर्भात शिरतो, उमरखेड-महागाव करत धनोड्याला येतो आणि परत पैनगंगा ओलांडून माहूरकडं वळतो. म्हणजे नदी दोनदा लागते. दाजींसाठी ही नदी दोनदा येऊन उभी राहिली. दोन्ही वेळा ते मान टाकून घोरत होते. पहिल्या पुलावर अक्का उठवायला निघाली, तर मामींनी खूण केली, झोपू दे. ईसापूरचं धरण वर असलं तरी कार्तिकात खाली बऱ्यापैकी पाणी होतं. मी सवयीप्रमाणं खिडकीतून वाकून पाहिलं. हाय.

या नदीचं आणि गोदावरीचं एक न जमलेलं लग्न आहे. पैनगंगा बुलढाण्याच्या डोंगरातून निघते, माहूर-किनवट करत पूर्वेला जाते आणि वर्धेला मिळते. वर्धेची पुढं प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला मिळते, तीही थेट तेलंगणाच्या हद्दीवर कालेश्वरला. तोवर गोदावरी नांदेड कधीच ओलांडून गेलेली असते. एकाच जिल्ह्याच्या दोन नद्या, आणि भेटायला परमुलखात जातात. तालुक्याच्या गावी स्थळ असताना पुण्यातच लग्न लावणाऱ्या लोकांसारखं.

माहूरला पोचलो. जागा मिळाली ती अशी होती: तळमजला, चार पलंग, पाचवा झोपेल त्याला सतरंजी. पाचवा कोण हे कुणी विचारलं नाही, मी सतरंजी उलगडली. गरम पाणी सकाळी पाच ते सात, बादलीनं, मागच्या चुलीवरून. खिडकी फोनवर सांगितल्याप्रमाणे उघडत नव्हती. इतका सच्चा व्यवहार मी कुठल्याच हॉटेलात पाहिलेला नाही. नांदेडनं नदी कबूल करून टाकी दिली. माहूरनं काहीच कबूल केलं नव्हतं आणि ते तंतोतंत दिलं.

संध्याकाळी दाजींना किल्ल्यावर नेलं, म्हटलं जुन्या पाहुण्यांच्या गोष्टी सांगाव्यात. रामगड. गोंड राजांपासून मोगलांपर्यंत सगळ्यांचे पाय लागलेला. १६२३ साली शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, बापाविरुद्ध बंड करून पळत होता. दक्षिणेत उतरल्यावर तो माहूरला आला, आणि हत्ती व जड सामान इथल्या देशमुखाच्या, उदारामाच्या, हवाली करून बायकामुलांसह पुढं गोवळकोंड्याच्या मुलखाकडं निघून गेला. ज्यानं पुढं यमुनेच्या काठी ताजमहाल बांधला, नदीकाठच्या जागेची ज्याला जगात सगळ्यात जास्त पारख, त्यानं माहूरचा उपयोग केला तो सामान ठेवायची खोली म्हणून. याच देशमुखांच्या घराण्यातली रायबागन मोगलांची सरदार म्हणून १६६१ मध्ये उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या कोंडीत सापडली आणि तह करून सुटा, असा शहाणा सल्ला तिनंच मोगल सेनापतीला दिला, असं सांगतात. दाजी म्हणाले, "हत्ती कुठं बांधले असतील?" मी म्हटलं, "चार हत्तींना पलंग दिले असतील, पाचव्याला सतरंजी."

जेवणाला एका हॉटेलात गेलो, आमच्या अर्थाच्या. पिठलं, ज्वारीची भाकरी, ठेचा, कांदा. ठेच्याचा पहिला घास घेतल्यावर दाजींच्या डोळ्यांतून डॅन्यूब वाहू लागली. मामी समाधानानं म्हणाल्या, "ह्याला मिरची म्हणतेत."

सकाळी दर्शन झालं. रेणुकेची मूर्ती म्हणजे फक्त मुख, शेंदूर माखलेलं, एवढ्या मोठ्या डोळ्यांचं की आपण काय काय लपवलंय ते सगळं तिला आधीच माहीत असावं. परशुराम कावडीत एका बाजूला वडलांचा देह आणि दुसऱ्या बाजूला आईला घेऊन कोरी भूमी हुडकत देशभर फिरला, शेवटी दत्तानं त्याला सांगितलं की ती जागा हीच. अक्कानं ओटी भरली. मामींना आम्ही दोघा जावयांनी दोन्हीकडून धरून पायऱ्या चढवल्या होत्या. त्या मधे मधे थांबत म्हणायच्या, "कावड नीट धरा रे."

आणि ज्या खाण्याच्या बाजारासाठी दाजी नांदेडपासून झुरत होते, तो अखेर पायऱ्यांवर भेटला, पण त्यात खायचं म्हणजे तांबूल. रेणुकेचा प्रसाद विड्याचाच. पान, कात, सुपारी, बडीशेप सगळं खलात कुटून त्याचा गोळा करतात. दोन्ही बाजूंना खलबत्त्यांचा ठकठक ठकठक असा नाद. आईनं लेकराला चावून भरवावं तसा तो विडा आधीच चावलेला, म्हणून मामींसारख्या उरलेल्या चार दातांच्या माणसालाही चालतो. दाजींनी एक गोळा खाल्ला, मग दुसरा. दत्तशिखर आणि अनसूया होईपर्यंत त्यांचे ओठ असे लाल झाले होते की अक्का त्यांच्याकडं लग्नातल्यासारखी बघत होती. खाली येताना आदिवासी बायका टोपल्यांतून सीताफळं घेऊन बसल्या होत्या. दाजींनी भाव न करता दोन डझन घेतली, हे त्यांच्या पुण्याच्या वास्तव्यात कधी घडलेलं नाही. बी थुंकायला गाडीची काच खाली घेतली आणि परत वर केलीच नाही.

उतरताना पुलाच्या अलीकडं, माहूरच्याच बाजूला, मी गाडी थांबवायला लावली. म्हटलं, यांना एकदा जागेपणी पैनगंगा दाखवावी. रस्त्याच्या कडेला चार बल्ल्या, वर पत्रा, पुढं कढई. मागच्या बाजूला भिंतच नव्हती, त्यामुळं कढईच्या वरून बघितलं की थेट नदी दिसत होती, संथ, रुंद, पलीकडं यवतमाळ जिल्हा. आलूबोंडे निघत होते, तळलेल्या मिरच्या परातीत पडत होत्या. शेजारी एक बाई भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसली होती, दुसरी पेरू, तिसऱ्यानं सायकलवर मुरमुरे आणले होते. मालक साठीचा, डोक्याला पंचा. आतल्या बाजूला एक बाज होती, तिच्यावर वाकळ आणि उशीपाशी ट्रान्झिस्टर.

दाजी चहाचा कप घेऊन त्या उघड्या बाजूला उभे राहिले. बराच वेळ. मग वळून त्यांनी मालकाला विचारलं, "तुम्ही राहायला कुठं?"

"राहाले?" मालकानं झारा थांबवला. "हाटेलातच राहतो ना जी मी. सोळा वर्सं झाली. पोरं म्हणतेत घरी झोप. पण इथं वारं चांगलं लागते."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी आलूबोंड्याकडं पाहिलं.

"हे म्हणजे," दाजी हळू आवाजात म्हणाले, "नदीकाठचं झालं. बाजार समोर झाला." मग मालकाला, जरा चाचरत, "भाडं वगैरे काय घ्याल?"

"कायचं भाडं?"

"बाजेचं. तासाभराचं."

मालकानं त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. लाल ओठ, हातात सीताफळ, रात्रभर उघडत नसलेल्या खिडकीखाली झोपलेले डोळे. त्यानं वाकळ झटकली, ट्रान्झिस्टर काढून घेतला.

"पडा ना जी," तो म्हणाला. "दुसरा घाना निघाला की उठवतो."